विसातला एक

निर्मलाताई पगारे हसायला लागल्या की आधी त्यांचे खांदे हलायचे, मग डोळे मिटायचे आणि आवाज सगळ्यात शेवटी यायचा. कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसणाऱ्या बाईला मोठ्यानं हसून चालत नाही, म्हणून त्यांनी ही सवय लावून घेतली असावी. सातपूरच्या त्या कारखान्यात मी डिस्पॅचला टायपिस्ट होते आणि माझं टेबल त्यांच्या काचेच्या खोलीसमोर होतं. कानाला हेडफोन, हातात बोर्डाची पिन, तोंडानं गंभीरपणे "होल्ड करा साहेब" आणि खांदे मात्र गदागदा हलतायत, असं दिसलं की मी समजायची, कुठेतरी काहीतरी फसलंय.

फसलेल्या गोष्टींवर त्यांचं फार प्रेम होतं. जमलेल्या गोष्टी त्या ऐकून घ्यायच्या, "बरं झालं" म्हणायच्या आणि विसरून जायच्या. पण कोणी म्हणालं की काल घाईत वरणात हिंगाऐवजी सोडा पडला, की त्या खुर्ची पुढं ओढायच्या आणि म्हणायच्या, "मग?" या "मग?"मध्ये कीव नसायची आणि चेष्टाही नसायची. पुढचं ऐकल्याशिवाय मला जेवण जाणार नाही, एवढंच त्यात असायचं. त्यामुळे माणसं आपण होऊन त्यांना आपल्या फजित्या आणून द्यायची.

स्वतःच्याही त्या लपवायच्या नाहीत. एकदा त्यांनी मॅनेजरसाहेबांना मुंबईच्या हेड ऑफिसऐवजी आमच्याच कँटीनच्या ठेकेदाराला जोडून दिलं. लाइनवर खरखर होती. साहेब नम्रपणे म्हणाले, सर, तुम्ही म्हणाल तसं करतो. ठेकेदाराला जन्मात कोणी सर म्हटलं नव्हतं, पण त्यानं संधी सोडली नाही. म्हणाला, आधी चुली बदला, धुरानं माणसं आंधळी व्हायची वेळ आली. साहेब म्हणाले, येस सर. निर्मलाताईंच्या लक्षात आलं तशी त्यांनी पिन उपटली आणि उठून थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. चूक माझी आहे, पिन भलत्या भोकात गेली, असं सरळ सांगितलं. साहेब काही बोलायच्या आत पुढं म्हणाल्या, "पण साहेब, चुली बदलायचं तुम्ही कबूल केलंय." महिन्याभरात चुली बदलल्या.

त्यांचे यजमान पगारे सर सुरगाण्याकडे आश्रमशाळेत शिक्षक होते. शनिवारी यायचे, रविवारी दुपारभर झोप काढायचे, सोमवारी पहाटे जायचे. मूलबाळ नव्हतं. कॉलनीत त्यांचं घर आमच्या शेजारीच, मधली भिंत एकच. त्या घरात त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीच्या सुमाराला ते खोकं आलं.

निर्मलाताईंचा धाकटा भाऊ मिलिंद स्कॉलरशिपवर अमेरिकेला शिकायला गेला होता. सुट्टीत आला तेव्हा त्यानं बहिणीसाठी परफ्यूम आणलं नाही की साडी आणली नाही, एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं. त्यात दोन पुस्तकं आणि सहा फासे. एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला बारा, आणि एक तर पार बोरासारखा गोल, त्याला वीस बाजू. फाशांवरचे आकडे नुसते कोरलेले होते, रंग नव्हता. तो भरायला खोक्यातच एक मेणाचा खडू होता. निर्मलाताईंनी एक संध्याकाळ घालवून सगळे आकडे पांढरे केले.

खेळ मिलिंदनं समजावला. पट नाही, सोंगट्या नाहीत, हारजीत नाही. एकानं गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं आणि आपला माणूस काय करतो ते बोलायचं. भिंतीवर चढतो, घोडा पळवतो, काहीही. जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा जितका मोठा तितकं चांगलं जमलं. वीस पडला तर विचारायलाच नको. आणि एक पडला तर बट्ट्याबोळ.

हा बट्ट्याबोळ कसा करायचा, यावरून पहिल्याच रविवारी भांडण झालं.

खेळायला आम्ही चौघं होतो, निर्मलाताई नुसत्या बघत होत्या. मी. आमच्या कारखान्यातला टर्नर रघू आहेर, देवळ्याकडचा, घरी कांद्याची शेती आणि आवाज शेतातल्या माणसाला हाक मारण्याइतका मोठा. पॅकिंगमधली सुनंदा, मखमलाबादच्या फुलशेतीवाल्यांची, रविवारी सकाळी बाजारात झेंडू विकून हात पिवळे घेऊनच यायची. आणि दाणी मास्तर. मास्तर समोरच्या घरात मुलाकडे राहायचे. आयुष्यभर गणित शिकवलं होतं. बायको गेल्यापासून दार लावून बसायचे, मुलाशीसुद्धा कामापुरतं बोलायचे. वीस बाजूंच्या फाशाचं गणित विचारायचंय, या निमित्तानं निर्मलाताईंनी त्यांना बाहेर काढलं होतं.

मास्तर झाले वीरसेन नावाचे धनुर्धर. मजा म्हणजे तासाभरात ते सैलावले. दातात जिभेचं टोक धरून, कमानीला बाण कसा लावतात ते हातानं दाखवायला लागले. आणि महत्त्वाच्या वेळी त्यांचा एक पडला. गोष्ट मिलिंद सांगत होता. तिकडच्या त्याच्या मित्रांच्या रिवाजाप्रमाणे त्यानं जाहीर केलं की बाण उलटा सुटला, वीरसेनाच्या स्वतःच्याच घोड्याच्या ढुंगणात घुसला, घोड्यानं त्याला शेणात फेकलं आणि त्याचं धोतर सुटलं. रघू हसून हसून आडवा झाला. मास्तर उठले. घरी जरा काम आहे म्हणाले, चपला घातल्या आणि गेले. समोरचं दार लागल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून मला बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं. मिलिंद म्हणत होता की ताई, गंमत असते ती.

"गंमत कोणाची? फासा ज्यानं टाकला तो हसत होता का?" निर्मलाताई म्हणाल्या. "आणि मला सांग, तो वीरसेन जन्मभर बाणच मारतोय ना? दर वीस बाणांमागं एक जर घोड्याला लागत असेल, तर इतकी वर्षं घोडा टिकला कसा?"

मिलिंदनं पुस्तक उघडलं. याचं उत्तर त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात निर्मलाताईंचे खांदे एकदाही हलले नाहीत. संध्याकाळी त्या मला घेऊन मास्तरांच्या दारात उभ्या राहिल्या. मास्तरांनी दार बोटभर उघडलं. निर्मलाताईंनी झालं त्याबद्दल माफी मागितली नाही की समजूतही काढली नाही. जणू खेळ अर्धवट राहिला होता तसं म्हणाल्या, "मास्तर, बाण तुम्ही नीटच सोडला होता. तुमच्यासारख्याचा हात चुकायचा नाही. पण एक पडला, म्हणजे काहीतरी आडवं आलं. काय आलं ते तुम्हीच सांगा."

मला वाटलं आता दार लागणार.

"घार," मास्तर म्हणाले.

"मग?"

"घार आली आणि वरच्या वर बाण घेऊन गेली." दार पुरतं उघडत ते म्हणाले, "आता तिच्या मागं जावं लागणार. तो बाण माझ्या वडिलांचा होता."

आणि त्यांनी चपला घातल्या.

तिथून पुढं आमचा खेळ मास्तरांच्या पुढच्या खोलीत सुरू झाला, कारण सगळ्यात मोठी सतरंजी त्यांच्याकडे होती. मिलिंद परत गेला, गोष्ट निर्मलाताईंकडे आली. किल्ले आणि राक्षस त्यांनी पहिल्या दिवशीच काढून टाकले. त्यांच्या गोष्टीत घाट असायचे, लेणी असायची, आठवडे बाजार असायचा आणि बैलांचे तांडे घेऊन फिरणारे व्यापारी असायचे. बाजाराचं वर्णन करायला लागल्या की हरसूलच्या बाजारातून आत्ताच आल्यासारखं वाटायचं. आणि एक पडला की त्या हात जोडून, फासा टाकणाऱ्याकडे बघून गप्प बसायच्या. काय बिघडलं ते त्यानंच सांगायचं. फक्त दोन बंधनं होती. आपला माणूस मूर्ख ठरवायचा नाही. आणि गोष्ट तिथं अडून बसता कामा नये; एक दार लागलं तर दुसरं कुठलं तरी किलकिलं झालं पाहिजे, मग ते गोठ्याचं का असेना.

याचा परिणाम असा झाला की आम्हाला वीसपेक्षा एकाचीच ओढ लागली. रघूचा माणूस होता दुर्जनसिंग नावाचा भुरटा चोर. तो एकदा झोपलेल्या पहारेकऱ्याच्या शेजारून दबकत चालला होता आणि एक पडला. उत्तेजित झाला की त्याची अहिराणी बाहेर यायची. "चूक मनी नई शे," तो म्हणाला. चूक माझी नाही. त्याचा पाय पडला होता मांजरासारखा, पण पाठीवरच्या पोत्यात बाजारातून घेतलेली कोंबडी होती, आणि तिनं नेमकं तेव्हाच अंडं घातलं. आता अंडं घातलेली कोंबडी गप्प बसेल का? निर्मलाताईंचे खांदे हलायला लागले, डोळे मिटले. मग? मग पहारेकरी जागा झाला, भाला रोखला, आणि अंडं बघून विरघळला, कारण त्याची बायको बाळंत होती आणि गावात अंडं मिळत नव्हतं. ती कोंबडी पुढं दोन वर्षं आमच्याबरोबर होती. तिचं नाव महाराणी. तिला स्वतंत्र फासा टाकायचा हक्क होता आणि तो सुनंदा टाकायची, कारण रघूच्या हातून महाराणीचे आकडे लहान पडतात असं सर्वांचं मत झालं.

रघू मग मुद्दाम अवघड उद्योग करायला लागला, एक पडावा म्हणून. आठवडेच्या आठवडे त्याला सतरा, अठरा, एकोणीस पडत राहिले. दुर्जनसिंग अख्ख्या राज्यातला सर्वांत यशस्वी चोर झाला आणि रघू रडकुंडीला आला.

एका रविवारी मात्र कोणी हसलं नाही. सुनंदाचा माणूस म्हणजे एक वैदू बाई होती. तांड्यातल्या लहान मुलीला ताप भरला होता, सुनंदानं मुळी उगाळून दिली, फासा टाकला. एक. आम्ही सवयीनं तिच्याकडे वळलो, काहीतरी माकड, वादळ, सांडलेली वाटी ऐकायला मिळणार म्हणून. सुनंदा फाशाकडे बघत होती. म्हणाली, "औषध बरोबरच होतं. उशीर झाला होता." तिच्या घरी काही वर्षांपूर्वी काय झालं होतं ते निर्मलाताईंना ठाऊक असावं, आम्हाला नव्हतं. त्या दिवशी त्यांनी "मग?" विचारलं नाही. उठून मास्तरांच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि चहा करून आणला. चहा पिऊन झाल्यावर सुनंदा आपणच म्हणाली की तांडा सकाळी निघतो आणि वैदू बाई मुक्कामाच्या गावात मागं थांबते, तिथं अजून दोन मुलं आजारी आहेत. पुढचा महिनाभर आम्ही सगळे त्याच गावात राहिलो.

मग पोलीस आले.

कॉलनीतल्या कोणीतरी तक्रार केली होती की दाणी मास्तरांच्या घरी दर रविवारी दुपारी जुगाराचा अड्डा भरतो, बायकाही बसतात. एक हवालदार आणि एक शिपाई असे दोघं सरळ दारात. रघूच्या हातात फासा होता. मास्तरांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्या माणसानं जन्मभर वर्गात साधी शिट्टी खपवून घेतली नाही, त्याच्या घरी जुगाराची धाड. मुलाच्या नोकरीचं काय, लोक काय म्हणतील, सगळं त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं.

हवालदारानं सतरंजी उचलायला लावली. खाली पैसे नव्हते. बाजूला काढून ठेवलेली शेंगदाण्यांची ताटली होती आणि एक मोठा कागद. तो त्यानं उचलला आणि वाचायला लागला. त्या दिवशी आम्ही राजाच्या खजिन्यावर जाणार होतो. कागदावर निर्मलाताईंच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं: मागचं दार, तिजोरी, पहारेकरी दोन, कुत्रं नाही.

हवालदाराचा सूर बदलला. जुगारापेक्षा मोठं काहीतरी हाती लागलं होतं. त्यानं रघूला दरडावून नाव विचारलं. रघू इतका घाबरला होता की म्हणाला, "दुर्जनसिंग." धंदा काय, विचारल्यावर "चोरी" म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. शिपायानं विचारलं, अजून कोण आहे टोळीत? आणि रघू बिचारा खरं तेच सांगत गेला, की एक धनुर्धर आहे, एक वैदू आहे आणि महाराणी आहे. महाराणी कोण? कोंबडी.

निर्मलाताईंचे खांदे हलायला लागले होते. मी त्यांना कोपर मारलं. त्यांनी मोठा श्वास घेतला आणि बोर्डावरच्या आवाजात, अगदी शांतपणे, हवालदाराला सांगितलं की साहेब, चौकीवर न्यायचं तर सगळ्यांना न्या, पण आधी हा खेळ काय आहे तो एकदा बघा. बसा. मास्तर, पाणी द्या यांना. त्यांनी त्याला त्याच कागदावरचा पहिला पहारेकरी केलं. चोर मागच्या दारानं येतोय, तुम्ही त्याला पकडताय, हा घ्या फासा.

हवालदारानं फासा उलटासुलटा करून बघितला, एवढ्या बाजू कशाला म्हणाला, आणि टाकला.

एक पडला.

पोलिसाचा एक. मला तो पहिला रविवार आठवला, शेण आणि धोतर. रघू तर भिंतीत शिरायच्या बेतात होता.

निर्मलाताई हात जोडून बसल्या. म्हणाल्या, "साहेब, तुमचा पहारेकरी जुना माणूस आहे. तो चुकत नाही. पण काहीतरी आडवं आलं आणि चोर आत शिरला. काय आलं ते तुम्ही सांगा."

हवालदारानं त्यांचा चेहरा न्याहाळला. चेष्टा चाललीय का, हे तो शोधत होता. ती सापडली नाही तेव्हा त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बदलीचा माणूसच आला नाय," तो म्हणाला. "काल सकाळधरनं उभा हाय. सणाचा बंदोबस्त, त्याच्यावर हा पहारा. उभ्या उभ्या डोळा लागला."

मास्तरांनी पाण्याचा तांब्या त्याच्या अधिक जवळ सरकवला. दाराशी उभा असलेला शिपाई मान हलवत होता.

"मग?" निर्मलाताईंनी विचारलं.

"मग काय, चोर आला." हवालदारानं विचार केला. "आन् चोरानंच त्याला हलवून उठवला."

"का?"

"का म्हंजे? मोठे साहेब राउंडला येत होते ना बाई. झोपलेला सापडला असता तर गेली असती नोकरी."

यावर पहिल्यांदा हसले ते दाणी मास्तर. त्यांना असं हसताना कोणीच बघितलं नव्हतं, त्यांच्या मुलानंही नाही, तो आतून धावत आला. मग हवालदार हसला, मग सगळी खोली. रघूनं जाहीर केलं की दुर्जनसिंग आजपासून चोरी सोडतोय, अशा पहाऱ्यावर चोरी करायला मन होत नाही. शिपायानं चपला काढल्या, आत येऊन बसला आणि कोंबडीचं काय झालं ते विचारलं.

चहा घेऊन दोघं गेले. इथं जुगार नाही, पोरखेळ आहे, असं हवालदारानं कॉलनीभर ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. पुढं तो साध्या कपड्यांत तीनचारदा खेळायला आला. प्रत्येक वेळी पहारेकरीच व्हायचा आणि आल्या आल्या विचारायचा, बदलीचा माणूस आला का.

वर्षदीड वर्षानं कारखान्यात नवा, आपोआप चालणारा टेलिफोन बोर्ड आला. निर्मलाताईंची काचेची खोली काढून टाकली आणि त्यांना गोडाऊनमध्ये पावत्या लावायला बसवलं. दिवसभर कोणाशी बोलायचं नाही. त्या संध्याकाळी गेटबाहेर आम्ही उभे होतो. रघूनं त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं, "जाऊ द्या ताई, एक पडला असं समजा."

त्या त्याच्यावर रागावलेल्या मी तेव्हाच काय त्या पाहिल्या. "नाही रघू. हे कोणी फासा टाकून केलेलं नाही. माणसांनी टेबलाशी बसून ठरवलंय. ते फाशावर ढकलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि हेच त्यांना तोंडावर सांगून आल्या. साहेबांनी ऐकून घेतलं, बदललं काही नाही. मग त्यांनी राजीनामा दिला आणि सुरगाण्याला पगारे सरांकडे जायचं ठरवलं. तिथल्या आश्रमशाळेतल्या मुलींना संध्याकाळी कोणी नव्हतं. आपण असू, असं त्या म्हणाल्या. आम्ही चौघांनी तोंडं पाडली. मास्तरांनी तर दोन दिवस दार लावून घेतलं, पण तिसऱ्या दिवशी आपणच उघडलं आणि पेठ नाक्यावर पोचवायला सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसले.

सकाळची वेळ होती. नाक्यावरची जीप खच्चून भरली होती: पाट्या, पोती, मांडीवर पोरं, टपावर दोन सायकली. निर्मलाताईंची ट्रंक टपावर चढली, पिशवी आत गेली, त्या मागच्या फळीवर कशाबशा बसल्या. निरोपाचं काहीतरी बोलायचं म्हणून मास्तरांनी घसा साफ केला आणि ड्रायव्हरनं किल्ली फिरवली. जीप चालू होईना. पुन्हा फिरवली. नाही. ड्रायव्हर म्हणाला, उतरा, ढकला.

सगळे उतरले. निर्मलाताईंनी पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हात लावले. शेजारी सुरगाण्याकडच्या दोन बाया, एक म्हातारा, रघू, सुनंदा, मी, आणि दाणी मास्तरही. जीप हलली, खोकली, एकदम चालू झाली. पण थांबवली तर पुन्हा बंद पडेल या भीतीनं ड्रायव्हर थांबेचना. हातानंच चला चला करत त्यानं जीप पुढं काढली आणि सगळे प्रवासी तिच्या मागं धावत सुटले. म्हातारा चढला, एक बाई चढली, दुसरी चढली, पोरं कोणीतरी आत फेकल्यासारखी दिली. निर्मलाताई सगळ्यात मागं होत्या, कारण धावता धावता त्यांना हसू आलं होतं. खांदे हलत होते, डोळे मिटत होते आणि पाय चालेनात. रघू ओरडून सांगत होता, ताई, पळा. फळीवरच्या बाईनं हात पुढं केला, निर्मलाताईंनी तो धरला, एक चप्पल रस्त्यावर राहिली आणि त्या आत गेल्या. सुनंदानं चप्पल उचलून पळत जाऊन आत भिरकावली.

धुळीत जीप वळली. निरोप राहून गेला होता. जीप दिसेनाशी झाली त्यानंतर, नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी, त्यांचा हसण्याचा आवाज आला.